तीनदा विचारायचं असतं

मी बास गिटार वाजवायचे, आणि उत्तम वाजवायचे. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या बँडबद्दल जे काही छापून यायचं, त्यात माझा उल्लेख 'बासवरची इंडियन मुलगी' एवढ्यावर उरकलेला असे. त्या मुलीच्या बोटांत काय होतं हे लिहायचं कुणाला सुचलं नाही. असो. ज्यांनी समोर उभं राहून ऐकलं, त्यांना माहीत आहे.

बाकीचे तिघं आयर्लंडचे. दोन सख्खे भाऊ आणि त्यांच्याच गावचा एक अबोल मित्र. थोरला भाऊ गायचा, धाकटा ड्रम्सवर, मित्र गिटारवर. ऐंशीचं दशक निम्मं सरलं होतं, गावात काम नव्हतं, म्हणून तिघं लंडनला आले होते आणि ईलिंगमध्ये आमच्या मागच्याच रस्त्यावर भाड्याच्या घरात राहत होते. मी तेव्हा कॉलेजात. नोटीस बोर्डावर 'बास वाजवणारा हवा' अशी चिठ्ठी दिसली, म्हणून गिटार खांद्याला लावून गेले. थोरल्यानं दार उघडलं. आधी माझ्या वेणीकडे पाहिलं, मग गिटारकडे, मग परत वेणीकडे. मी म्हटलं, "आत घेणार आहेस की इथंच वाजवू?" आतून धाकटा खो खो हसला. तिथंच जमलं आमचं.

धाकट्याच्या वाजवण्याबद्दल सांगायलाच हवं, कारण पुढचं सगळं त्यावरून झालं. तो ठोका किंचित उशिरा द्यायचा. चुकून नव्हे, ती त्याची धाटणीच होती. मागून येणाऱ्या ओळखीच्या माणसासाठी आपण दार धरून उभे राहतो ना, तसा तो आम्हा सगळ्यांसाठी थांबायचा. त्या थांबण्यात मी माझा सूर ठेवायचे, वर गिटारचा गोंगाट, आणि त्या गोंगाटातून वाट काढत थोरल्याचा आवाज यायचा. आम्ही एक-दोन-तीन-चार मोजून कधी सुरुवात केली नाही. धाकटा मान खाली घालायचा, श्वास घ्यायचा, की आम्ही सुरू. त्या वेळी लंडनमध्ये असं वाजवणारं दुसरं कुणी नव्हतं, आणि हे मी आजही कुणालाही ठणकावून सांगेन.

एका रविवारी तिघं माझा अॅम्प्लिफायर उचलायला आमच्या घरी आले. बाबा हॉस्पिटलमध्ये ड्यूटीवर, घरी आई. तिनं पोरांच्या गालफडांकडे एकदा पाहिलं आणि म्हणाली, "जेवूनच जा."

"नको नको, आत्ताच खाऊन आलो," तिघं एका सुरात.

धादांत खोटं! त्यांच्या घरात पाव आणि मार्जरिन सोडून काही नव्हतं, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं. आई म्हणाली, "थोडंसं तरी." थोरला म्हणाला, "नाही हो, तुम्हाला उगाच त्रास." आईचं इंग्रजी तेव्हा दुकानापुरतंच होतं, पण आग्रहाला कसलं आलंय इंग्रजी! तिनं ताटं घेतली, खुर्च्या ओढल्या आणि तिसऱ्यांदा म्हणाली, "बसा." तिघं निमूट बसले. भाताचं पातेलं घासून रिकामं झालं, आमटीचंही.

ते गेल्यावर आई जाम खूश. "ही आपल्यातलीच पोरं गं," म्हणाली. माझ्या शाळेतल्या इंग्रज मैत्रिणींनी तिला फार छळलं होतं. एखादी पहिल्याच विचारण्याला 'यस प्लीज' म्हणायची, ती आईला हावरट वाटायची. दुसरी 'नो थँक यू' म्हणून खरोखरच उपाशी बसायची, आणि मग आईला चुटपुट लागायची. या तिघांना मात्र न शिकवता सगळं येत होतं.

मी धाकट्याला हे सांगितलं तेव्हा त्याला काही नवल वाटलं नाही. "आमच्याकडे असंच असतं," तो म्हणाला. "आजी चहा विचारते, आपण नाही म्हणायचं. परत विचारते, परत नाही. तिसऱ्यांदा हो. पहिल्यांदाच हो म्हटलं तर घरी गेल्यावर आई कान उपटणार."

"आणि विचारणारी पहिल्या नकारालाच गप्प बसली तर?"

"तर समजायचं, तिला आपण नकोच होतो," तो म्हणाला.

मग आमचे दिवस आले. बघता बघता आले हो! आधी पबच्या मागच्या खोल्या, मग युनिव्हर्सिटीचे हॉल, मग एका छोट्या कंपनीनं काढलेली पहिली रेकॉर्ड. रेडिओवर आमचं गाणं लागलं तेव्हा आम्ही मोटरवेवर व्हॅनमध्ये होतो. थोरल्यानं व्हॅन कडेला घेतली आणि गाणं संपेपर्यंत तिथंच उभी ठेवली. ग्लासगोला लोक आमचे शब्द आमच्याआधी म्हणत होते. बाबांच्या वॉर्डमधल्या एका नर्सनं माझी सही मागितली, तेव्हा बाबांना पहिल्यांदा वाटलं की पोरगी अगदीच वाया गेलेली नाही. आईनं तर वेम्बलीच्या गुजराती भाजीवाल्यापर्यंत बातमी पोहोचवली. तो मला दर वेळी विचारायचा, "बेन, टीव्ही पर क्यारे?" आणि मी ऐटीत सांगायचे, लवकरच. आलोच आम्ही टीव्हीवर. आई-बाबांनी सोफ्यावर बसून पाहिलं आणि आईनं एवढंच विचारलं, "धाकटा एवढा वाळलाय का गं?"

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला एका मोठ्या कंपनीनं आम्हाला घेतलं. मोठी कंपनी, मोठा स्टुडिओ, मोठा प्रोड्यूसर. त्या प्रोड्यूसरची पद्धत अशी की प्रत्येकानं वेगळ्या खोलीत बसायचं, कानाला हेडफोन लावायचा, आणि हेडफोनमध्ये यंत्र टिकटिक करणार, त्या टिकटिकीबरोबर वाजवायचं. मला काही अडचण आली नाही, मी कशाहीबरोबर वाजवू शकते. धाकट्याला ते जमेना. टिकटिक पुढे, तो मागे. दिवसच्या दिवस तो त्या काचेच्या खोलीत एकटा बसून तेच तेच वाजवत होता, आणि काचेबाहेर कुणीतरी मान हलवत 'वन्स मोअर' म्हणत होतं. मी थोरल्याला म्हटलं, "बंद करा ते यंत्र. आपण चौघं एका खोलीत वाजवू." तो म्हणाला, "आता पूर्वीसारखं नाही चालत गं." पूर्वीसारखं म्हणजे कधीचं? गेल्या वर्षीचं?

मग आमच्या बँडच्या मॅनेजरच्या ऑफिसात मीटिंग झाली. मॅनेजर वाईट माणूस नव्हता, उलट भला होता. फक्त नाही म्हणजे नाही असं मानणाऱ्या इंग्रज घरात वाढलेला होता. रेकॉर्ड रखडली आहे, कंपनी विचारते आहे, असं तो हळूहळू, शब्द तोलत सांगत होता. तेवढ्यात धाकटा म्हणाला, "मला वाटतं मीच बाजूला व्हावं. तुम्हाला माझ्याहून चांगला कुणी मिळेल."

मला लगेच कळलं. माझ्या आईच्या स्वयंपाकघरात हेच वाक्य मी शंभर वेळा ऐकलं होतं. हे 'आत्ताच खाऊन आलो' होतं. त्या पोराला जन्मात दुसरं काही नको होतं, त्याला ते ड्रम्समागचं स्टूल आणि आम्ही तिघं हवे होतो. तो फक्त त्याच्या भावाच्या तोंडून ऐकायला थांबला होता.

"काहीतरीच काय बोलतोस!" मी म्हटलं. "गप बस."

"नाही, खरंच," तो म्हणाला. अगदी बरोबर. दुसरा नकार हा द्यायचाच असतो.

मी थोरल्याकडे पाहिलं. आता पाळी त्याची होती. गिटारवाला मित्र बुटाकडे बघत होता. थोरला खिडकीबाहेर बघत होता, जणू बाहेर काही चाललं होतं. आणि मॅनेजरनं सुटकेचा श्वास टाकला, पुढे झुकून धाकट्याचा हात हातात घेतला आणि मनापासून म्हणाला, "दॅट्स व्हेरी डीसंट ऑफ यू." झालं! भल्या माणसानं भलेपणानं पोराला घालवलं. धाकटा हसला, जॅकेट उचललं आणि सगळ्यांना सांभाळून राहा म्हणत निघाला.

माझं डोकंच फिरलं. कॉरिडॉरमध्ये मी थोरल्याला धरला. "तुला कळत नाही? तुला? तो तुझ्याच आईच्या हाताखाली वाढला ना?"

"तो लहान आहे का आता? राहायचं असतं तर म्हणाला असता."

"तुमच्या घरात कुणी कधी म्हणालंय का? जा आणि विचार त्याला. नीट विचार. नाही म्हटलं तर परत विचार."

"तू विचार की."

हे मात्र ऐकून कानाखाली वाजवावीशी वाटली. मी कोण विचारणार? बँड त्याचा होता, घर त्याचं होतं. पंगतीतल्या एका पाहुण्यानं दुसऱ्याला कितीही वाढा म्हटलं, तरी यजमानाच्या हातून वाढलं गेल्याशिवाय त्याला अर्थ नसतो. हे मी त्याला माझ्या पद्धतीनं, चांगल्या चढ्या आवाजात समजावलं. शेवटी तो म्हणाला, बरं, रविवारी जातो. धाकटा तोवर त्याच्या मैत्रिणीबरोबर लंडनबाहेर स्लाऊला राहायला गेला होता.

सोमवारी थोरला रिहर्सलला आला आणि मी विचारायच्या आधीच म्हणाला, "गेलो होतो. विचारलं. नाही म्हणाला."

मग मात्र मला धाकट्याचाच राग आला. किती भाव खायचा माणसानं! सख्खा भाऊ दारात येऊन विचारतो आणि हा नाही म्हणतो? मीही हट्टाला पेटले आणि फोन केला नाही. म्हटलं, राहू दे.

नवा ड्रमर आला. गोड मुलगा, वेळेवर यायचा, टिकटिकीला धरून वाजवायचा, त्याला नावं ठेवायला जागा नव्हती. पण आमची गाणी सपाट झाली. कुणी आमच्यासाठी थांबत नव्हतं. थोरला गाताना जुन्या सवयीनं मागे वळून पाहायचा आणि मग पुढची ओळ त्याची हमखास घसरायची. रेकॉर्ड निघाली, थोडीफार वाजली. पुढच्या टूरला हॉल अर्धे भरू लागले, आणि मागच्या रांगेतले लोक आमच्या गाण्यात गप्पा मारू लागले. मला अशा हॉलमध्ये वाजवायची सवय नव्हती आणि मला ती लावून घ्यायची नव्हती. लीड्सहून परत येताना मी व्हॅनमध्ये सांगून टाकलं की मी चालले. थोरला समोर रस्त्याकडे बघत म्हणाला, "ठीक आहे." गिटारवाला त्यानंतर महिनाभर टिकला असेल. मग पेपरात चार ओळींचं निवेदन आलं, परस्परसंमतीनं वगैरे, आणि आमचा बँड संपला. मला वाईट वाटलं, खूप वाटलं, पण माझ्या निर्णयाबद्दल मला एकदाही शंका आली नाही.

बातमी छापून आल्यानंतर आठवड्याभरात मी स्लाऊला गेले. धाकट्याला हे नुसतं पेपरातून कळून राहू नये असं वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर त्याला झापायचंही होतं. तो तिथल्या ट्रेडिंग इस्टेटमध्ये, म्हणजे कारखान्यांच्या वसाहतीत, एका गोडाऊनमध्ये कामाला लागला होता. दुपारची शिफ्ट संपवून नुकताच आला होता. खोलीत ड्रम्स नव्हते. मी विचारलं नाही.

बसल्या बसल्या मी सुरू केलं. "तुला काय झालं होतं रे? तो एवढा दारात आला, विचारलं, आणि तू नाही म्हणालास? आपलं काय काय गेलं माहितीये तुला त्या एका नाहीपायी?"

तो चिडला नाही. खाली बघून हाताची बोटं मोडत राहिला. मग म्हणाला, "आला होता. पण गाडीतून उतरला नाही. काच खाली केली आणि विचारलं, येतोस का परत? इंजिन चालूच होतं."

"मग?"

"मग काय? मी नाही म्हटलं."

"अरे, मग तो..." मी म्हणाले आणि थांबले.

"मला वाटलं आता गाडी लावेल कुठंतरी. रविवार होता, सगळ्यांच्या गाड्या घरी, जागा मिळायला वेळ लागतो," तो म्हणाला. "मी दार उघडंच ठेवलं आणि चहाचं पाणी ठेवायला आत गेलो. बाहेर येऊन पाहतो तर रस्ता रिकामा."

मला एकदम रडू फुटलं. तोंडात त्या थोरल्यासाठी इतक्या शिव्या आल्या होत्या, मराठी आणि इंग्रजी दोन्ही, पण त्यातली एकही बाहेर पडेना. धाकटा उठला आणि त्यानं मला किचनमधून टिश्यूचा रोल आणून दिला.

"दोन कप काढले होते मी," तो म्हणाला.