वाचून पाहिला, बरोबर आहे

बकाराम शहारेची सही एकदा पाहिली की माणूस विसरत नसे. 'ब'ची शेपटी कागदाच्या डाव्या कडेपासून निघायची, मधे दोन वळसे घ्यायची आणि शेवटी खाली दोन टिंबं देऊन दमल्यासारखी थांबायची. दहावीला तो तीनदा बसला आणि तिन्ही वेळा गणितानं त्याला आडवा केला, पण तेवढ्या वर्षांत वह्यांच्या मागच्या पानांवर सही मात्र पक्की झाली. पुढं त्यानं पिंपळटोल्याच्या फाट्यावर सायकलींचं पंक्चर काढायचं दुकान टाकलं. आता पंक्चर काढणाऱ्याला सही लागते कुठं? एवढी देखणी चीज वाया चालली होती. तिला कामाला लावलं पोलिसांनी.

ठाणं फाट्यापासून हाकेच्या अंतरावर होतं. कुठं धाड पडो, अपघात होवो, की कुणी विहिरीत सापडो, पंचनामा आलाच, आणि पंचनाम्याला साक्षीदार म्हणून पंच लागतातच. जीप दिसली की गावकऱ्यांना शेतातली कामं आठवायची. ज्यांना शेत नव्हतं तेही शेतात जायचे. बकाराम मात्र घमेल्यातल्या पाण्यात ट्यूब बुडवून बुडबुडे शोधत बसलेला असायचा. दुकान उचलून तो पळणार कुठं? "चल रे पंच" म्हटलं की हात पुसून उठायचा. प्रत्येक पंचनाम्याच्या शेवटी एक ठरलेलं वाक्य असतं: 'सदर पंचनामा आम्ही वाचून पाहिला, तो बरोबर आहे.' त्याच्याखाली बकाराम सही ठोकायचा. वाचायचा मात्र कधीच नाही. सरकारी माणसानं उन्हातान्हात लिहिलेलं आपण पुन्हा तपासायचं म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवणं झालं, असं तो म्हणे. खरं कारण सोपं होतं. वाचायला वेळ लागतो, आणि सही करायला त्याला फार आवडायचं.

मग वर्ष-दोन वर्षांनी गोंदियाच्या कोर्टाचं समन्स यायचं. बकाराम इस्त्रीचा शर्ट घालून जायचा, कठड्यात उभा राहायचा आणि म्हणायचा, "पंचनामा माझ्यासमक्ष झाला. सही माझी आहे." वकिलानं कितीही उलटंपालटं केलं तरी तो या दोन वाक्यांवरून हलायचा नाही. दुसरे पंच ऐन वेळी उलटायचे, बकाराम कधी उलटला नाही. ठाणेदार आले आणि बदलून गेले, फाट्यावरचा पंच तोच राहिला.

त्याची बायको अल्का अंगणवाडी चालवायची. गावातल्या दोन पिढ्यांना तिनं अक्षरं गिरवायला शिकवली होती, फक्त नवऱ्याला समोरचा कागद वाचायला शिकवणं जमलं नव्हतं. दीक्षाभूमीला जायचं ठरलं की समन्स. अर्जुनी मोरगावला बहिणीच्या पोरीचं लग्न निघालं की समन्स. एकदा दोघं एसटीत चढून बसलेसुद्धा होते, तर हवालदारानं बस थांबवून बकारामला खाली उतरवलं होतं. अल्का म्हणायची, "माया संसार कोर्टानं खाल्ला. नवरा मले फक्त तारखांच्या मधात भेटते."

२०१४ साली कुडव्याच्या राजदीपनं, म्हणजे अल्काच्या मावसभावानं, श्रीलंकेची सहल काढली. अनुराधापूरचा बोधिवृक्ष बघायचा होता. अल्कानं नवऱ्याला न विचारता दोन नावं दिली आणि घरी येऊन सांगितलं, "आपण दोघं जाऊन राहिलो. तिकडं समन्स येत नाई."

पासपोर्टसाठी दोघं नागपूरला गेले. बकारामची बोटं यंत्रावर उमटेनात, कारण त्यांच्यावर पंक्चरच्या सोल्युशनचे वर्षानुवर्षांचे थर होते. अल्कानं ती पदरानं घासून घासून लाल केली, तेव्हा कुठं यंत्रानं मानलं. मग सहीचा चौकोन आला, तर 'ब'ची शेपटीच त्यात मावेना. खिडकीतली बाई म्हणाली, "काका, छोटी सही करा." बकारामला कुणीतरी मिशी काढायला सांगितल्यासारखं वाटलं, पण बायको मागं उभी होती म्हणून त्यानं केली.

यथावकाश चौकशीसाठी दोघांचे कागद ठाण्यात आले. ठाण्यात नुकताच कॉम्प्युटर आला होता आणि त्याच्यासमोर दुर्गेश नावाचा नवा पोरसवदा शिपाई बसवला होता. त्यानं अल्काचं नाव टाकलं, काही निघालं नाही. बकारामचं नाव टाकलं, तर सत्तावीस गुन्हे निघाले. दारू, जुगार, चोरी, दोन खून आणि एक म्हैस. पंच म्हणून की आरोपी म्हणून, ते यंत्र विचारत नव्हतं आणि दुर्गेशही. त्यानं प्रामाणिकपणे शेरा मारला की सदर इसम अट्टल दिसतो.

अल्काचा पासपोर्ट पोस्टानं घरी आला. तिनं त्यातला स्वतःचा फोटो दोन दिवस पाहिला आणि तिसऱ्या दिवशी नवऱ्याला म्हणाली, "येत्या सोमवारी राजदीप तिकिटं काढते. तुमचा आला तं ठीक, नाई तं मी चालली. बसमधून उतरणारी मी नाई." बकाराम हसला, पण ती हसली नाही. तेव्हा तो तडक ठाण्यात गेला.

नवे ठाणेदार साताऱ्याकडचे होते. त्यांनी सगळं ऐकलं आणि पोट धरून हसले. "अरे, ज्यांच्यासाठी सह्या केल्यास त्यांनीच तुला गुन्हेगार केला की! शेरा बदलतो, पण कागदाला आधार पाहिजे. तुझ्या लगतच्या शेजाऱ्याला आण. तो लिहून देऊ दे की तू पंच होतास आणि वर्तणुकीनं चांगला आहेस."

इथंच घोडं अडलं. बकारामच्या घराच्या एका बाजूला तलावाची पाळ होती. दुसऱ्या बाजूला मनिराम उईके राहायचा, आणि मनिराम सहा वर्षं त्याच्याशी बोलत नव्हता.

त्याचं कारण होतं एक कोंबडा. सहा वर्षांपूर्वी जंगलाच्या कडेला कोंबडबाजार भरला होता. पायांना काती, म्हणजे धारदार पाती, बांधून कोंबडे झुंजवायचे आणि त्यांच्यावर पैसे लावायचे, असा तो बाजार. मनिरामचा काल्या त्या मुलखात हरलेला नव्हता. धाड पडली, पाच कोंबडे जप्त झाले, पंचनाम्यात दोन लिहिले गेले. बकारामनं 'वाचून पाहिला, बरोबर आहे' याच्याखाली सही ठोकली. मनिराम पुढं निर्दोष सुटला आणि त्यानं न्यायाधीशांना हात जोडून आपला कोंबडा परत मागितला. कागद काढला, तर दोन्ही कोंबडे पांढरे. काल्या काळा. बकाराम कठड्यातून म्हणाला, "पंचनामा माझ्यासमक्ष झाला. सही माझी आहे." म्हणजे काल्या कधी नव्हताच, असं कायद्यानं ठरलं. तो धाडीच्याच दिवशी ठाण्यामागच्या चुलीवर शिजला होता, आणि एक वाटी रस्सा पंचालाही मिळाला होता. कुणाचा कोंबडा म्हणून त्यानं विचारलं नव्हतं. विचारायची त्याला सवयच नव्हती.

संध्याकाळी बकाराम कुंपणापाशी जाऊन उभा राहिला. मनिराम अंगणात मासे धरायचं जाळं विणत बसला होता.

"मनिराम भाऊ."

मनिराम जाळ्याला म्हणाला, "पाळीवर कोणी बोलून राहिलं वाटते."

"मी होय. पासपोर्टसाठी तुयी सही पायजे."

"सही? सह्या तं तू करतस गावच्या. मी अंगठेवाला माणूस. कोठी चालला?"

"लंकेले. अल्काले बोधिवृक्ष पाहाचा हाय."

"अल्काबाईनं जावं. तू कायले?"

या प्रश्नाला कोर्टातलं कुठलंच वाक्य लागू पडेना. बकारामनं कुंपणाची एक काडी मोडली. मग म्हणाला, "तीस वर्सं झाले लग्नाले. तिच्यासंगं मी कोठीच गेलो नाई गा."

मनिरामनं जाळं खाली ठेवलं. "एक सांग. खरं सांग. रस्सा कसा लागला होता?"

'मी खाल्लाच नाही' हे उत्तर बकारामनं सहा वर्षं तयार ठेवलं होतं. ते त्याच्या ओठांपर्यंत आलं आणि त्याला स्वतःचीच लाज वाटली. "चिवट होता," तो म्हणाला. "किती शिजवला तरी दात लागे नाई. चुकलं माह्यं, भाऊ."

मनिरामच्या चेहऱ्यावर अभिमान पसरला. तो लपवायला त्याला तोंड फिरवावं लागलं. "लागनच नाई दात. लढाईचा होता थो." मग जाळं उचलत म्हणाला, "येतो उद्या. पण ध्यानात ठेव, मी अंगठा आयकल्याबिगर लावत नाई."

दुसऱ्या दिवशी दोघं ठाण्यात पोचले, तेव्हा व्हरांड्यात कोंबडे बांधलेले होते. सकाळीच कोंबडबाजारावर धाड पडली होती. मनिराम थबकला, एकेका कोंबड्याकडं बघत उभा राहिला आणि मग आत आला.

दुर्गेशनं शेजाऱ्याचा जबाब टाइप करून ठेवलाच होता. तो त्यानं वाचून दाखवला: "सदर इसमास मी लहानपणापासून ओळखतो. तो चांगल्या वर्तणुकीचा आहे."

"आजपासून," मनिराम म्हणाला.

"काय?"

"चांगल्या वर्तणुकीचा हाय, आजपासून. असं लिहा."

"तसं लिहिता येत नाही, काका."

"मग आज संध्याकाळपावतर थांबतो. पाहून घेतो आणि लावतो अंगठा."

ठाणेदार आतून बाहेर आले. "आलास? बरं झालं. आधी हे उरक, मग तुझा रिपोर्ट." त्यांनी बकारामपुढं पंचनामा टाकला आणि पेन दिलं. बकारामनं सवयीनं पेन कागदाच्या डाव्या कडेला टेकवलं. 'ब'ची शेपटी निघणार, एवढ्यात त्याची नजर छापल्या वाक्यावर गेली: वाचून पाहिला. बाजूला मनिराम भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत होता, फार लक्ष देऊन.

बकारामनं पेन खाली ठेवलं. खिशातून चष्मा काढला, जो तो फक्त ट्यूबमधली बारीक भोकं शोधायला लावायचा, आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागला. ओठ हलवत, ओळीखाली बोट धरून. ठाण्यात असलं दृश्य कुणी पाहिलं नव्हतं. एक हवालदार चहाचा कप हातात धरून तसाच उभा राहिला. वाचून झाल्यावर बकाराम उठला, व्हरांड्यात गेला, बोटानं मोजून आला.

"साहेब, हेच्यात तीन कोंबडे लिहिले हाय. बाहेर सात हाय."

"तू सही करायला आलायस की मोजायला?"

"वाचून पाहिला असं लिहिलं हाय ना, साहेब. वाचलो. बरोबर नाई."

ठाणेदारांनी टेबलावरची पासपोर्टची फाइल उचलली आणि तिनंच वारा घ्यायला लागले. "हा रिपोर्ट कुणाच्या सहीनं जातो, ठाऊक आहे ना तुला?"

बकारामला चांगलंच ठाऊक होतं. एसटीच्या खिडकीतून मागं बघणारी अल्का त्याच्या डोळ्यांपुढं आली, आणि विमानाची खिडकी कशी असते ते माहीत नसल्यामुळं विमानातही ती एसटीच्याच खिडकीत दिसली. त्याला रडू येईल असं वाटलं. तरी तो म्हणाला, "ठाऊक हाय, साहेब. सात लिहा. आणि रंगही लिहा."

बाहेर एक कोंबडा आरवला. त्याला बिचाऱ्याला काय कळत होतं म्हणा.

"सर, सात करू का?" दुर्गेशनं कॉम्प्युटरमागून विचारलं. "अजून फाइल बंद केली नाही." त्या पोराचा कॉम्प्युटरवर एवढा विश्वास होता की त्यात खोटं घालतात, हे त्याला अजून कुणी सांगितलं नव्हतं.

ठाणेदारांनी एकदा दुर्गेशकडं, एकदा पंचाकडं आणि एकदा मनिरामकडं पाहिलं. कॅलेंडर सोडून मनिराम आता सरळ त्यांच्याकडंच बघत होता. "कर सात," ते म्हणाले. "आणि याचा रिपोर्ट आत्ताच्या आत्ता पाठव. वर्तणूक चांगली लिही, उत्तम लिही. आठ दिवस तरी हा माणूस देशाबाहेर राहील."

मनिराम पुढं झाला. "कोठी लावू अंगठा?"

सोमवारी अल्कानं राजदीपला फोन केला आणि दोन तिकिटं काढायला सांगितली. बकारामचा पासपोर्ट सहलीला निघायच्या आदल्या आठवड्यात हातात पडला. फाट्यावर त्यानंतर जीप थांबली ती फक्त टायरमध्ये हवा भरायला. ठाण्यानं दुसरा पंच शोधला, ज्याला वाचताच येत नव्हतं.

चेन्नईच्या विमानतळावर देशाबाहेर जाणाऱ्या प्रत्येकाला एक कार्ड भरायचं होतं. राजदीपनं सगळ्यांची कार्डं रात्रीच भरून ठेवली होती, नुसत्या सह्या बाकी होत्या. सहलीतल्या पांढऱ्या साड्यांमधल्या बायका भराभर सह्या करून रांगेत पुढं सरकल्या. बकारामनं चष्मा लावला आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. इंग्रजी येत नव्हतं, म्हणून तो शेजारची हिंदी एकेक अक्षर लावत वाचू लागला. मागं रांग तुंबली. कुणीतरी तमिळमध्ये काहीतरी म्हणालं, आणि ते चांगलं नसावं.

"भाऊजी, ठोका ना सही!" राजदीप कळवळला. "विमान चाललं जाईल!"

"वाचू दे त्यायले," अल्का म्हणाली. "मी तीस वर्सं थांबली. हे लोक पाच मिनिटं थांबतील."

बकारामनं शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. कार्ड उलटून मागची बाजूही पाहिली. मग बायकोपुढं धरलं.

"बरोबर हाय ना?"

अल्कानं ते सावकाश वाचून पाहिलं. "बरोबर हाय," ती म्हणाली. "करा आता सही."