दसऱ्याच्या आरतीत वाजलेला भोंगा

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, वसई पूर्वेच्या एका कारखान्यात, ऐन दसऱ्याच्या सकाळी, माझी नोकरी झेंडूच्या एका हारापायी जात होती. वाचकांनी उभं राहण्याची आवश्यकता नाही.

नव्वदच्या दशकाची अखेर. लोखंडाचे सुटे भाग तापवून कडक करणारी आमची भट्टी. तिचं तापमान संगणकानं टिपावं यासाठी मला घेतलेलं. एक लॉट आठ तासांचा. नोंदीत एका मिनिटाहून जास्त खंड पडला, तर गिऱ्हाईक अख्खा लॉट परत पाठवणार. शेठनी बजावलं होतं, दसऱ्याला भट्टीत असलेल्या या लॉटची नोंद तुटली तर संगणकही परत आणि मीही.

आधी माझा प्रोग्राम सारखा विचारत बसायचा, आलं का तापमान, आलं का. त्या नादात तोच अडकून पडे. मग मी कॉलबॅक लिहिला. तेव्हा घरी फोन नसलेली माणसं निरोपासाठी शेजाऱ्यांचा नंबर देत, तशीच ही सोय. आपण विचारत बसायचं नाही. एक फंक्शन, म्हणजे प्रोग्रामचा छोटा तुकडा, नेमून द्यायचं, तापमान आलं की यंत्रणाच त्याला हाक मारते. माझं फंक्शन आकडा फाइलीत लिहायचं, आणि आकडा भलताच आला तर भोंगा वाजवायचं.

भट्टी सांभाळणारे काका वसईतल्याच पापडी गावचे. रविवारी चर्चमध्ये गाणाऱ्यांत पहिल्या रांगेत, पण दसऱ्याला भट्टीला हार घालण्याचा मान त्यांचाच. दुसऱ्या कुणाला ते तिच्याजवळ फिरकू देत नसत. महिनाभर गप्प असलेल्या भोंग्याला ते 'जावई' म्हणत. काम नाही, नुसता मान. त्या वर्षी गिरीज गावातल्या फुलांच्या वाडीतून आणलेला सगळ्यांत जाड हार त्यांनी माझ्या संगणकाच्या खोक्याला घातला. मी कृतार्थ.

गणपतीच्या तसबिरीपुढे आरती रंगात आली आणि भोंगा बोंबलला. सगळ्यांना वाटलं, देवाच्या मानासाठी मीच वाजवला. शेठ दुप्पट जोरानं टाळ्या पिटू लागले. मी लोकांच्या पायांवर पाय देत धावलो. हाराच्या वजनानं तापमानाची वायर खोक्यातून निसटली होती, म्हणून आकडे भलतेच येत होते. ती खुपसली. भोंगा गप्प. फाइल पाहिली, तर खऱ्या तापमानाच्या नोंदीत खंड फक्त बावीस सेकंदांचा. खुर्चीत बसलो तो बसलोच. इतकं हलकं मला माझ्या लग्नातही वाटलं नव्हतं.

काका आधी हाराकडे, मग छताजवळच्या भोंग्याकडे बघत राहिले. आरती थांबलेली, त्यामुळे ते काय बोलले ते गणपतीपासून शेठपर्यंत सगळ्यांना ऐकू गेलं.

"पुढच्या वर्षी पहिला हार जावयाला. ह्या खोक्याला एकच फूल, तेही लांबून!"