होळीला न हसणारे भागवतसाहेब

भागवतसाहेब हसले की लखनौतल्या चिनहटच्या आमच्या कारखान्यात यंत्रांचा आवाजसुद्धा दबायचा. औषधांची खोकी बनवणारा कारखाना. साहेब मालक, मूळचे अकोल्याचे. होळीच्या पार्टीत मात्र हा माणूस फाटकाशी खांबासारखा उभा. गुजियाला, म्हणजे तिकडच्या करंजीला, हात नाही, चेहऱ्यावरची रेघ हलत नाही. नव्या माणसांना वाटे, साहेबांचं कुणीतरी गेलंय.

पूर्वी तसं नव्हतं. लखनौच्या ऑफिसांत होळीला प्रत्येकाला गमतीचं ‘टाइटल’ देतात. आमच्याकडे ते काम विक्री विभागातल्या त्रिपाठीचं. साहेब पहिल्या रांगेत सोफ्यावर, गळ्यात हार. त्या वर्षी मला ‘बिना टिकट का नाटक’ मिळालं आणि मी कमरेत वाकवाकून दाद घेतली. मग त्रिपाठी म्हणाला, “और हमारी सरिता जी, अटकी हुई कैसेट.”

हिशेब विभागातली सरिता बोलताना अडखळायची. क्षणभर सगळ्या माना पहिल्या रांगेकडे वळल्या. मग साहेबांचा गडगडाट झाला आणि पाठोपाठ आमचा सगळ्यांचा. सरितानं हातातली बशी खुर्चीवर ठेवली आणि ती निघून गेली.

ती पुन्हा कामावर येईना. शेवटी साहेब मला म्हणाले, “जोशी, चला विकास नगरला, तिच्या घरी. एकट्यानं जायची लाज वाटते.”

दार तिनंच उघडलं. साहेब उंबऱ्यातच म्हणाले, “बेटा, त्रिपाठी को निकाल दूँगा. तुम वापस आ जाओ.”

तिला वेळ लागला. साहेब थांबले.

“स-सर, त्रिपाठी जी तो हर साल बोलते हैं. सबने पहले आ-आपको देखा था. आप हँसे, तब हँसे.”

साहेबांनी हात जोडले. तिनं चहा दिला, तो त्यांनी उभ्यानंच संपवला. मी कपात तोंड खुपसून बसलो. हसणाऱ्यांत मीही होतोच. सरिता परत आली नाही.

गाडीत साहेब म्हणाले, “पार्टी मी दिली यार, आणि पाहुण्यासारखा हार घालून बसलो.”

पुढच्या होळीला सोफा गायब. टाइटल राहिलं, पण ज्याचं त्यानं स्वतःला द्यायचं. त्रिपाठीनं स्वतःला काय द्यावं, हे त्याला बिचाऱ्याला सुचेचना. साहेब फाटकाशी उभे राहून जाणाऱ्या प्रत्येकाला विचारत, “घर कैसे जाओगे?” मी “आता बसा” म्हटलं की ठरलेलं उत्तर, “सगळे घरी पोचेपर्यंत माझी ड्यूटी आहे.”

साहेब आता नाहीत. त्यांच्या मुलीनं कारखाना माझ्यावर सोपवलाय. गेल्या होळीला मी पहिल्या रांगेत ऐसपैस बसलो होतो. पॅकिंगमधल्या एका नव्या पोरानं चौकीदाराच्या लंगड्या चालीची नक्कल सुरू केली. नक्कल झकास होती, आणि मी नकलांचा जुना शौकीन. हसू ओठांपर्यंत आलं तेव्हा दिसलं, सगळा मंडप माझ्या तोंडाकडे बघत होता. चौकीदारसुद्धा.

मी उठलो. “अब अपनी नक़ल करो, भैया,” एवढं म्हणालो आणि फाटकाशी, त्या चौकीदाराच्या शेजारी, जाऊन उभा राहिलो.