दोनदा मोजलेल्या टकरी

लोणखेड्याच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणारी नूतन पाटील सहा वर्षं एक असा कण शोधत होती, जो आहे की नाही हेच कुणाला ठाऊक नव्हतं. जिनिव्हाजवळच्या बोगद्यात प्रोटॉन एकमेकांवर आदळतात. त्या टकरीत एखादा नवा, जड कण क्षणभर जन्मलाच, तर फुटताना तो दोन इलेक्ट्रॉन मागे टाकील. प्रयोगातल्या पुण्याच्या गटासाठी घरी लॅपटॉपवर अशा जोड्या निवडायच्या आणि मोजायच्या, हे नूतनचं काम. पण जिथे कण दिसण्याची शक्यता, नोंदींचा तो भाग शेवटपर्यंत झाकलेला ठेवायचा; मनाजोगती मोजणी होऊ नये म्हणून. तो उघडण्याची परवानगी देण्याआधी प्रयोगातल्याच तपासणाऱ्यांनी तिला दोन वर्षं रडवलं. एका शंकेचं उत्तर पाठवलं की चार नव्या हजर. त्यात भरदुपारी लाइट जायची, नेट तुटायचं, की सगळं पहिल्यापासून.

अखेर जानेवारीत परवानगी मिळाली. तिने भाग उघडला. नवा कण नसेल तर जिथे एखादीच जोडी अपेक्षित होती, तिथे पाच होत्या!

वडील गिरधर आप्पा पपईच्या शेतातून जेवायला आले होते. न राहवून तिने त्यांना सांगितलं, आणि वर बजावलं, "कोनले सांगू नका."

संध्याकाळपर्यंत अख्ख्या गल्लीला कळलं होतं.

तिसऱ्या दिवशी ती एकेका टकरीचा क्रमांक तपासायला बसली. पहिला आणि चौथा क्रमांक एकच. दुसरा आणि पाचवाही एकच. एकच टक्कर कधी कधी दोन याद्यांत नोंदली जाते; दुसरी नोंद गाळायची असते. ती गाळणारी ओळ ऑगस्टमध्ये प्रोग्रॅम नीटनेटका करताना नूतननेच उडवली होती. पाचाच्या तीन झाल्या, आणि तीन जोड्यांवरून कुणी नवा कण सापडला म्हणत नाही.

चूक दुसऱ्या कुणाची असती तर निदान भांडता तरी आलं असतं. तिने लॅपटॉप धाडकन मिटला, पुन्हा उघडला, आणि पुण्याच्या मार्गदर्शक बाईंना सगळं कळवलं.

"आते लोकेसले काय सांगू मी?" आप्पा चिडले.

"सांगा, मोजनी चुकनी."

"कोनी चूक?"

"मन्ही."

आई, सिंधुबाई, पोळ्या लाटत होती. तिने मान वर केली. "मंग सहा वरीस तू काय करी ऱ्हायनी व्हती?"

नूतन ताट सारून उठली.

जूनमध्ये शोधनिबंध छापून आला: अमुक वजनापर्यंत असा कण नाही. शेकडो नावांत तिचं नाव होतं. आप्पांनी चष्मा लावून ते शोधलं, बोट ठेवलं आणि विचारलं, "नही सापडनं, हाई बी छापतस?"

"छापतस," ती म्हणाली.

बाईंनी नव्या टकरींच्या कामाला येतेस का, असं विचारलं होतं. आठ दिवस तिने ती मेल उघडीच ठेवली. नवव्या दिवशी दातओठ खात 'हो' लिहिलं.