तक्रार येऊ द्या

आमच्या कंपनीत चूक शोधणं सोपं, ती दुरुस्त करणं महाकर्मकठीण. माझ्याकडे सांभाळायला आलेल्या एका रक्तपेढीच्या प्रोग्रॅममध्ये सालाचे दोनच आकडे ठेवले होते. दोन हजार सालचे शून्य-शून्य त्याला नव्व्याण्णवच्या मागचे वाटणार, आणि चांगलं रक्त मुदत संपलं म्हणून फेकलं जाणार. दुरुस्ती फार मोठी नव्हती. पण ग्राहकाची लेखी तक्रार असल्याशिवाय चालू प्रोग्रॅमला हात लावायचा नाही, हा नियम.

माझे साहेब याच शहरातल्या चामराजपेटचे, पिढ्यान्‌पिढ्या तिथेच राहिलेले मराठी. मी पुण्याहून या कानडी मुलखात नुकती आलेली. आपल्या भाषेचा माणूस ऐकेल, अशी माझी भाबडी समजूत. ते मला कँटीनमध्ये नेत, बाय-टू, म्हणजे एक कॉफी दोघांत मागवत, आणि अर्ध्या कॉफीबरोबर पूर्ण नकार देत.

"स्वल्प थांबा की, अक्का. तक्रार येऊ द्या, मग करू."

जे अजून घडलंच नाही त्याची तक्रार कोण करणार, असं विचारलं की ते शांतपणे घोट घेत. मला भयंकर संताप यायचा. गोड बोलून नाही म्हणणाऱ्याशी धड भांडताही येत नाही.

शेवटी ठरवलं, नियम मोडायचा नाही आणि पिच्छाही सोडायचा नाही. रक्तपेढीच्या डॉक्टरीणबाईंना प्रोग्रॅम शिकवायला अधूनमधून बसवनगुडीला त्यांच्या पेढीत जाणं माझं कामच होतं. पुढच्या खेपेला मी त्यांना सरावासाठी एक खोटी पिशवी नोंदवायला लावली. रक्त घेतलं डिसेंबर नव्व्याण्णवच्या शेवटी, मुदत पुढच्या जानेवारीपर्यंत. त्यांनी बटण दाबलं आणि पडद्यावर आलं, मुदत संपली, नष्ट करा. बाईंनी ते पुन्हा वाचलं. त्या वेळी पेढीत एकही पिशवी उरणार नाही, हे त्यांना मी सांगायच्या आधीच कळलं. त्यांचा चेहरा उतरला. तिथेच बसून त्यांनी कंपनीच्या नावे खरमरीत पत्र लिहिलं.

साहेबांनी ते वाचून दुरुस्तीच्या परवानगीवर सही केली. कँटीनमध्ये जाताना मात्र हळूच विचारलं, "ही तक्रार आपणहून आली ना, अक्का?"

"तुम्हीच म्हणालात ना सर, येऊ द्या. मी येऊ दिली."

काउंटरवर जाऊन त्यांनी दोन पूर्ण कॉफी मागवल्या.