खाटेखालची शेगडी

सत्तावन्न-अठ्ठावन्नच्या हिवाळ्यातली गोष्ट. मी तेव्हा एकोणीस वर्षांची, पुण्यात कॉलेजात होते. नात म्हणते, "आजी, ब्लॉगवर ताज्या सहली लिहायच्या असतात." असतील बाई. माझी ही सहल इतकी वर्षं शिळी झालेली नाही, म्हणून लिहिते.

कल्याणला चाळकऱ्यांनी एक मंडळ काढलं होतं. सगळ्यांनी मिळून जागा घ्यायची, सगळ्यांची मिळून घरं बांधायची. पण आधी कोण कसं राहतं, किती जणांत राहतं, हे घरोघरी जाऊन लिहायला हवं होतं. त्यासाठी आमच्या कॉलेजातून चार मुली मागवल्या. मंडळाचे कर्तेधर्ते जोगळेकर मास्तर, ठाण्याचे निवृत्त शिक्षक. ते पुण्याला येऊन आम्हाला शिकवून गेले. म्हणाले, "दुसऱ्याच्या घरात शिरण्याआधी स्वतःचं घर लिहा." सरावाला प्रत्येकीला एक फॉर्म दिला. माणसं किती, खोल्या किती, पाणी कुठलं, चुली किती. मी भराभर भरला. चुलींपुढे "एक" लिहिलं आणि घडी करून ट्रंकेत टाकला.

आईने दशम्या आणि लसणाची चटणी बांधून दिली. सकाळची गाडी धरली, घाट उतरला आणि दुपारी कल्याण. स्टेशनाबाहेर टांगेवाला आठ आण्यांवर अडून बसला. नवे पैसे त्याला मान्यच नव्हते. मी पन्नास नवे पैसे पुढे केले तर म्हणाला, "बाई, ही नाणी घोड्याला कळत नाहीत." शेवटी एका पानवाल्याने त्यांचे जुने आणे बदलून दिले. आज जाणार असाल तर रिक्षा करा आणि हातात अर्धा तास जास्त ठेवा. तेव्हा तळ्यापर्यंतच्या रस्त्यात आम्हाला दोन सायकली आणि एक म्हैस भेटली.

चाळ तळ्याच्या मागे. कौलारू, एकमजली, एकवीस खोल्या, दोन नळ. मंडळाची रीत मला फार आवडली होती: लिहायला एक बाहेरची आणि सोबत एक चाळीतलीच. माझी जोडीदारीण शेवंता. तिशीची, चुणचुणीत, नवरा रेल्वेत. उतरायलाही तिच्याकडेच होते. पहिल्याच संध्याकाळी तिने बजावलं, "घड्याळ काढून ठेव. घड्याळ घालून विचारलं की माणसं साहेबाला सांगतात तसं सांगतात." हा सल्ला आजही फुकट देते, घ्या.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून दारोदार. सातवी खोली मोठ्या आईंची. नाव यमुनाबाई, पण सारी चाळ त्यांना मोठ्या आईच म्हणायची. मुरबाडकडच्या. दोन मुलगे गिरणीत, दोन सुना आणि नातवंडं. दहा बाय बाराच्या खोलीत नऊ माणसं. धाकटा मुलगा रात्रपाळीला असे, म्हणून दिवसा पोरांच्या कालव्यात तोंडावर गोधडी ओढून झोपे. त्याला झोप पुरत नव्हती, ते दिसतच होतं. डोळे लाल, कोणी पेला आपटला तरी दचकून उठायचा. "मशीनवर डुलकी लागली तर हात जाईल याचा," मोठ्या आई म्हणाल्या. आवाज साधाच होता, पण माझी लेखणी थांबली.

शेवटी चुली विचारल्या. चाळीत शेगडीच असते, पण शब्द चूलच.

"एक," मोठ्या आई म्हणाल्या. मी वर पाहिलं तर मान ताठ करून पुन्हा म्हणाल्या, "दोन सुना आहेत, पण चूल एकच. कुणालाही विचार."

थोरली सून सुलोचना दाराशी तांदूळ निवडत होती. तिची मान वर झाली नाही. धाकटी वत्सला भिंतीकडे तोंड करून पोराला भरवत होती. आणि मला खाटेखाली, पोत्याच्या पडद्याआड, दुसरी शेगडी दिसली. कोळशावर राख होती, पण धग माझ्या पायाला लागत होती. मी शेवंताकडे पाहिलं. ती छताची कौलं मोजत होती.

मी "एक" लिहिलं.

बाहेर आल्यावर शेवंता म्हणाली, "दोघी जावा दोन वर्षं बोलत नाहीत. म्हातारी ते कुणाला कळू देत नाही. म्हणजे कळतं सगळ्यांना, पण तिच्या तोंडून नाही." वेगळी चूल मांडली म्हणजे घर फुटलं. आमच्याकडे हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. मला वाटलं, आपण म्हातारीची अब्रू राखली. चांगलं वाटलं, खोटं कशाला बोलू?

तिसऱ्या दिवशी कागद घेऊन ठाण्याला मंडळाच्या कचेरीत जायचं होतं. गाडीने गेले असते तर लवकर पोचले असते, पण मास्तरांनी सांगितलं होतं, वाटेतल्या वस्त्या बघत या. म्हणून एस.टी. धरली. शीळफाट्याला गाडी थांबली तेव्हा तिथे एक चहाचं खोपट आणि चिंच, बस्स. आज त्या फाट्यावर ट्रकांच्या रांगेत अडकलात तर माझी आठवण काढा. मुंब्र्याचा डोंगर डाव्या-उजव्या हाताला फिरत राहिला, खाडीवर मिठागरं पांढरी चमकत होती. ठाण्यात तळ्याजवळच्या खानावळीत वरण-भात, वांग्याची भाजी आणि ताक. पोट भरलं, पण मन कचेरीत अडकलं होतं.

मास्तरांनी कागद चाळले आणि सहज म्हणाले, "खोल्या चुलींवर द्यायच्या ठरल्यात. एक चूल, एक खोली."

मी विचारलं, "हे आधी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर प्रत्येकाने चार-चार चुली सांगितल्या असत्या, बाळ."

"आणि कुणी कमी सांगितली असेल तर?"

मास्तरांनी चष्म्यावरून पाहिलं. मग म्हणाले, "कमी कोण सांगेल?" नववी पास शेवंतालाही जे ठाऊक होतं, ते मास्तरांना ठाऊक नव्हतं. आणि मला ठाऊक होतं तरी मी लिहिलं नव्हतं. मास्तर पुढे म्हणाले की रविवारी चाळीत सगळी यादी मोठ्याने वाचायची. ज्याला दुरुस्ती करायची त्याने सर्वांसमोर करायची. त्यानंतर यादी बंद.

रविवारी सकाळी चाळीच्या चौकात सतरंज्या पसरल्या. मास्तरांनी नियम सांगितला आणि एकच गलका झाला. काल एक चूल असलेल्यांना आज दोन आठवल्या. एकाने तर अंघोळीच्या पाण्याचा बंबही मोजायला सांगितला. लोक हसले. मास्तरांनी हात वर केला. "लिहिणाऱ्या मुलींनी डोळ्यांनी पाहिली असेल तीच चूल धरली जाईल."

"खोली सात. माणसं नऊ. चूल एक."

मास्तरांनी वाचून वर पाहिलं. धाकटा मुलगा पायाच्या अंगठ्याने माती उकरत होता, डोळे तसेच लाल. मी उठायला हवं होतं. माझी मांडी हलली नाही. मी उठून सांगावं म्हणजे त्या बाईला पन्नास माणसांत खोटं ठरवावं, आणि न सांगावं तर त्या मुलाने जन्मभर गोधडीखाली झोप शोधावी. देवा, कुणीतरी दुसऱ्याने बोला, असं मी मनात म्हणत होते.

मोठ्या आई स्वतः उभ्या राहिल्या. पदर डोक्यावर घेतला.

"दोन लिहा," त्या म्हणाल्या. "दोन वर्षं झाली. घर फुटलंय माझं." मग माझ्याकडे न बघता, "त्या पोरीने पाहिलीय. खाटेखाली. विचारा तिला."

त्यांना पहिल्यापासून माहीत होतं! मी कुठे पाहत होते, हेही त्यांनी पाहिलं होतं.

मी उठले. "पाहिली," म्हणाले. "आणि लिहिली नाही. चूक माझी." कुणी हसलं नाही. मास्तरांनी एक खोडून दोन केलं आणि खाली माझी सही घेतली.

दुपारी निघण्याआधी मोठ्या आईंनी मला जेवायला बोलावलं. खोलीत गेले तर खाटेखाली काही नव्हतं. दाराशी एकाच शेगडीवर वालाचं बिरडं रटरटत होतं. सुलोचना भाकऱ्या थापत होती, वत्सला भाजत होती. बोलत नव्हत्या, पण भाकरी एकीच्या हातातून दुसरीच्या हातात जात होती. सासूला भर चौकात उभं राहावं लागलं, ते दोघींनाही झोंबलं होतं. मोठ्या आईंनी माझ्या पानात दोनदा वाढलं, डोळे पुसले आणि कानाशी येऊन म्हणाल्या, "आता एक झाली म्हणून परत खोडू नकोस हो!"

खोल्या मिळाल्या का, असं तुम्ही विचाराल. मिळाल्या. तीन-चार वर्षांनी शेवंताचं कार्ड आलं. दोन खोल्या शेजारी-शेजारी. धाकटा दिवसा दार लावून झोपतो. मोठ्या आई मधल्या ओट्यावर बाज टाकून असतात, आणि जिच्याकडे आधी शिजेल तिच्याकडे जेवतात. चुली पुन्हा दोन झाल्या, भांडण नाही.

आणि पुण्याला घरी आल्यावर काय झालं, तेही सांगते. ट्रंक उघडली तर तळाशी माझा सरावाचा फॉर्म. चुली: एक. आमच्या घरात आई पुढच्या स्वयंपाकघरात रांधायची आणि काकू मागच्या पडवीत. माझ्या आठवणीत तरी नेहमी तसंच. पाहुण्यांसमोर दोघी एका पंगतीत वाढायच्या. फॉर्म भरताना माझा हात क्षणभरही अडखळला नव्हता, याची मला आता लाज वाटली. मी एक खोडलं, दोन लिहिलं आणि कागद आईपुढे धरला.

आईने वाचला. "तुला लोकांची घरं मोजायला पाठवलं होतं," म्हणाली. कागदाची चौघडी केली आणि आपल्या चुलीत घातला. त्या निरक्षर म्हातारीने चौकात उभं राहून जे सांगितलं, ते आमच्या शिकल्या-सवरल्या घरात आई गेली, काकू गेली, तरी कुणी उच्चारलं नाही. मीसुद्धा नाही.

म्हणून आता सगळ्यांसमोर दुरुस्ती करते. घर आमचं, पुण्याचं. माणसं अकरा. चुली दोन. मी पाहिल्या आहेत.