सानियाची उंची मी लिहिली

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही. सख्ख्या बहिणीलाही नाही. आणि मी काही गप्प बसणारी बाई नव्हे — नारपोलीत आमच्या गल्लीत कुणालाही विचारा, कापडाच्या लूमच्या खडखडाटावर आवाज चढवून बोलणारी ती ताई म्हणजे मी. पण ही एक गोष्ट आली की मी विषय बदलते. नऊ वर्षं बदलतेय. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. ओळखत असता तर तुमच्याशीही खोटंच बोलले असते.

मी अंगणवाडी सेविका. तीन ते सहा वर्षांची पोरं, खिचडी, गाणी आणि रजिस्टरं. दर महिन्याला प्रत्येक पोराचं वजन घ्यायचं, उंची मोजायची, लिहून ठेवायची. वजन मी घ्यायचे, खोटं कशाला बोलू. उंची मात्र — आता कसं सांगू? चाळीस पोरं, भिंतीला टेकून एक सरळ उभं राहत नाही, एकानं भोकाड पसरलं की दहा सूर लावतात. मग मी आपली सोपी वाट काढली होती. मागच्या महिन्याच्या आकड्यात अर्धा सेंटिमीटर मिळवायचा. त्या वयाचं पोर साधारण तेवढंच वाढतं, त्यामुळे कुणाला संशय यायचा नाही. सुपरवायझर बाईंच्या मीटिंगच्या आदल्या दुपारी चहाचा कप शेजारी ठेवून मी घरबसल्या चाळीस पोरं वाढवायचे. त्यात कुणाचं काय बिघडणार होतं?

सानियाचं बिघडलं.

सानिया म्हणजे शकीलाची एकुलती एक मुलगी. शकीला आमच्याच गल्लीच्या टोकाला राहते, नवरा लूमवर ड्युटीला, ही घरी कापडाचे सुटे धागे कापते. सानिया तीन वर्षांची होऊन माझ्याकडे आली तेव्हा मोजपट्टी नवी होती, मला हौस होती. त्या दिवशी मी तिला नीट भिंतीला उभी करून मोजली. सत्त्याऐंशी सेंटिमीटर. तेवढा एकच आकडा खरा. पुढची तीन वर्षं मी तिला पट्टी लावली नाही.

सहाव्या वर्षी शाळेत घालायला नेली तर तिथल्या बाई म्हणाल्या, ही अजून लहान आहे, पुढच्या वर्षी आणा. शकीला घाबरली. डॉक्टरांशी काय बोलायचं, तिला धीर होईना, म्हणून मीच दोघींना घेऊन निजामपुऱ्यात मुलांच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी मोजली — अठ्ठ्याण्णव. रक्त तपासायला दिलं. आठ दिवसांनी रिपोर्ट आला, त्यात आयजीएफ नावाचं एक काहीतरी कमी होतं आणि त्याला रक्तात धरून ठेवणारं प्रथिनही कमी.

डॉक्टर भला माणूस, त्यांनी मला समजावून सांगितलं. मेंदूखालच्या एका ग्रंथीतून वाढीचा हार्मोन सुटतो. तो यकृताला सांगतो, मग यकृत हे आयजीएफ तयार करतं. ते एकटं फिरलं तर लगेच संपून जातं, म्हणून त्या प्रथिनाच्या आधारानं रक्तात टिकतं, हाडांच्या टोकांपर्यंत पोचतं, आणि मग मूल वाढतं. आता हा आकडा हार्मोन कमी असला तरी खाली येतो, आणि पोटात नीट अन्न जात नसलं तरी खाली येतो. दोन्हींतलं काय, ते एवढ्या रक्तावरून कळत नाही. दर वर्षी किती वाढली ते बघितलं तर अंदाज येतो. "तुमच्याकडे तीन वर्षांची उंची असेलच," ते मला म्हणाले. "घेऊन या."

माझ्याकडे होती ना. माझ्या रजिस्टरात सानिया एकशे पाच झाली होती. डॉक्टरांच्या पट्टीवर अठ्ठ्याण्णव. मूल काय धुतल्यावर कापड आटतं तसं आटलं?

तुम्हाला वाटेल, तेव्हा मला त्या पोरीची काळजी वाटली असेल. नाही वाटली. मला नोकरी दिसली. सुपरवायझर बाईंचा चेहरा दिसला. दुपारी दार लावून बसले आणि उलटं गणित केलं. आज अठ्ठ्याण्णव, मागच्या वर्षी ब्याण्णव, त्याआधी शहाऐंशी, आणि आली तेव्हा ऐंशी. तो एक खरा आकडाही मी ठेवला नाही. वाढीच्या एका कोऱ्या कार्डावर सगळं उतरवलं, जुनं वाटावं म्हणून दोन वेगवेगळी पेनं वापरली. एवढी अक्कल मला तेव्हा होती.

डॉक्टरांनी कार्ड पाहिलं आणि त्यांचा चेहरा सैल झाला. मुळातच लहान होती, पण दर वर्षी सहा-सहा वाढतेय, म्हणजे खाणं कमी पडत असावं. "आईला जरा समजवा."

आणि मी समजावलं हो. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, ती फाशी मी माझ्या हातानं दिली. चार बायका बसलेल्या असताना शकीलाला म्हटलं, पोरीकडे लक्ष नको का द्यायला? ती हळूच म्हणाली, "देते ना ताई. तीच खात न्हाय." मी म्हटलं, सगळ्या आया असंच म्हणतात. उचलली जीभ लावली टाळ्याला. तेव्हापासून शकीला त्या पोरीमागे अंडं, खजूर, दूध घेऊन धावायची. स्वतः चहात पाव बुडवून खायची. सानिया जाड झाली. उंच झाली नाही.

इथं थांबले असते तरी एक वेळ — नाही, एक वेळही काही नाही. पण मी इथं थांबले नाही. मुद्द्याचं अजून सांगितलंच नाही तुम्हाला. बघा, अजूनही टाळतेय.

डॉक्टरांनी कार्ड पाहिलं त्याच दिवशी चिठ्ठी दिली होती; शकीला तेव्हा सानियाला घेऊन बाहेर बसली होती. शकीला उर्दू झरझर वाचते, पण इंग्रजी नाही. रिक्षात तिनं ती माझ्या हातात दिली. "काय लिहिलंय ताई?" मी वाचून दाखवलं. रक्तवाढीचं औषध, रोज दूध, रोज अंडं. खाली शेवटची ओळ होती — सहा महिन्यांनी परत आणा, उंची पुन्हा मोजू, वाढ कमी दिसली तर हार्मोनच्या तपासणीला मुंबईला पाठवायचं.

ती ओळ मी वाचली नाही.

कारण सहा महिन्यांनी ती डॉक्टरांच्या पट्टीवर तीन सेंटिमीटर वाढलेली दिसली नसती, आणि माझं कार्ड खोटं ठरलं असतं. हे मला रिक्षात बसल्या बसल्या कळलं होतं. नकळत झालं नाही. चिठ्ठीची घडी घालून तिला परत दिली आणि म्हटलं, "एवढंच आहे."

सानिया आता पंधरा वर्षांची आहे. चार फूट तीन इंच. मुंबईच्या डॉक्टरांनी गेल्या आठवड्यात सांगितलं की हार्मोनच कमी होता, पहिल्यापासून. सहाव्या-सातव्या वर्षी इंजेक्शनं सुरू केली असती तर चांगली वाढली असती. आता हाडांची टोकं जवळजवळ मिटलीत, फार काही हाती लागायचं नाही.

शकीला तिथून आली ती सरळ माझ्याकडे. "डॉक्टर विचारत होते, आधी दाखवलं न्हवतं काय? मी बोलले, आमच्या ताईंनी नेलं होतं. ते बोलले, मग परत यायला सांगितलं असेल. मी बोलले, न्हाय साहेब, सांगितलं असतं तर ताईंनी ओढत नेलं असतं."

माझ्यासाठी ती मोठ्या डॉक्टरांशी वाद घालून आली होती. मी तिला पाणी दिलं. सांगायचं ते तेव्हाच सांगायला हवं होतं. तोंड उघडलं आणि विचारलं, रिक्षा लगेच मिळाली का?

सानिया आईशी बोलत नाही. शाळेत पोरं चिडवतात, ती घरी येऊन आईला म्हणते, तूच मला नीट खायला घातलं नाहीस. हे शब्द तिला कुठून मिळाले? सहा वर्षांची असताना त्या बायकांमध्ये तीही बसली होती, माझ्याच मांडीला टेकून.

काल शकीला आली आणि उंबऱ्यातच बसली. "ताई, खरं सांगा. मीच कमी पडले ना तिला खायला घालायला?" घरात दुसरं कुणी नव्हतं. दार उघडं होतं, ऊन होतं, मला कसली घाई नव्हती. मी तिच्या शेजारी बसले, तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हटलं, "जाऊ दे गं. आईचंही चुकतं कधी कधी."

तिनं रडत रडत मान हलवली. हे कालचं आहे.